‘ट्रायबल लूक’ कुठाय?

‘तू मावशीकडे जाताना जुने कपडे घेऊन जातेस का गं?’ जवळा बाजारच्या स्टँडवर रूममेटने हा सवाल टाकला आणि माझी बोलतीच बंद. माझ्या सॅकमध्ये अख्ख्या बिल्डिंगमधून गोळा केलेले कपडे होते. आदिवासी गावात रिकाम्या हाताने कसं जायचं, हा आपला शहरी फंडा! ‘माझ्या मामाकडे चाललोय आपण,’ तिने सुनावलं. मग कपडे गेले सॅकच्या तळाशी आणि बाजारातून साखर, चहापत्ती, डझनभर केळी घेतली.

रूममेट आंध आहे. ‘अंध’ नव्हे, ‘आंध्र’ही नव्हे (मोबाइलला हे अजून पटलेलं नाही). हिंगोली, नांदेड, यवतमाळ पट्ट्यातली ही अनुसूचित जमात. २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली जिल्ह्यात शंभरातले नऊ-दहा जण आदिवासी. कळमनुरीला त्यांच्यासाठी प्रकल्प कार्यालयही आहे. आपल्या ट्रॅव्हल प्लॅनमध्ये मात्र इथलं औंढा नागनाथ तेवढं असतं.

गाव बघून मी, खरं सांगते, जरा खट्टू झाले. पत्र्याची घरं, डिश अँटेना, बाइक्स, आणि भाषा तर चक्क मराठी! ‘दंडार दाखवतील का?’ मी हळूच विचारलं.

‘दंडार दिवाळीच्या दिवसांत. तुझ्याकडे मार्चमध्ये गौरी बसवतात?’

अंदमानात जारवा बायकांना खाऊ देऊन टूरिस्टांसमोर नाचायला लावल्याचा व्हिडिओ २०१२ मध्ये गाजला होता. मास कॉमच्या वर्गात त्यावर मी सॉलिड तावातावाने बोलले होते. ते आत्ताच का आठवावं?

पण खरा घोळ पुढेच होता. अंगणात एक आजी सुपात डाळ पाखडत होत्या. तिरपी उन्हं, सुरकुत्या, उडणारा कोंडा... परफेक्ट फ्रेम. क्लिक! आजींचे हात थांबले. ‘इचारायचं तरी माय. फाटक्या लुगड्यात काढलास फोटू.’

त्यांच्यासमोरच डिलीट केला. आजी आत गेल्या, बऱ्याच वेळाने ट्रंकेतलं हिरवं नऊवारी नेसून आल्या आणि नातीचं नर्सिंगचं सर्टिफिकेट मांडीवर धरून ताठ बसल्या. मी फोटो काढला. मनातून मला पहिलाच हवा होता, हेही कबूल.

तुम्हाला जायचंच असेल तर गावातलं कुणी ओळखीचं बघा, नुसती सॅक टाकून धडकू नका. पहिला चहा होईपर्यंत कॅमेरा बॅगेत. मी मामींना जेवणाचे पैसे द्यायला गेले, तर त्या रुसल्याच. पण अनोळखी घरी राहणार असाल तर पैशांचं आधीच बोलून घ्या. पाहुणचाराच्या नावाखाली फुकट जेवू नका, प्लीज.

निघताना आजींनी बजावलं, ‘फोटू पाठीव.’ सगळेच ‘हो’ म्हणतात. मीही म्हटलं आणि चार महिने पाठवला नाही.

एडिटरना या कॉलमसोबत जरा ‘ट्रायबल लूक’चा फोटो हवा होता. तो डिलीट झालाय. दुसरा छापू का, हे मी आजींना विचारलेलंच नव्हतं. म्हणून इथे फोटो नाही. आजींची मोठी प्रिंट मात्र काल पार्सलने रवाना केली. मामा जवळा बाजारला येऊन घेणार आहेत.