‘सोयीचं तेवढंच’ नव्हे

संपादक महाशय,

म्हाताऱ्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं, हे आपल्या रविवार पुरवणीतलं मत वाचलं. वयामुळे कान जातात तेव्हा बहुधा वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. ‘आ’ पोचतो, ‘स’ गळतो. भाजीवाली ‘साठ’ म्हणते, मला ‘आठ’ ऐकू येतं आणि मागची रांग हसते. यात माझी सोय कोणती? ओरडूनही भागत नाही, ‘आ’ तेवढा फुगतो. समोर येऊन, ओठ दिसतील असं सावकाश बोलावं.

यंत्र म्हणजे कानाचा चष्मा, हेही अर्धसत्य. यंत्र आवाज वाढवतं. कानातल्या मेलेल्या पेशी जिवंत करत नाही. पंगतीत शेजाऱ्याच्या बोलण्याबरोबर ताटवाट्यांचा खणखणाटही चढतो. महागडी यंत्रं तो दाबतात, पण पुरता नाही.

राहिला सवलती लाटण्याचा आरोप. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार दोन्ही कानांची श्रवणहानी किमान ६० डेसिबल लागते. माझी त्याहून कमी आहे. म्हणजे सवलत शून्य, बँकेच्या काचेआडून खेकसणं मात्र पुरेपूर!

पत्र छापावं. खुलासा हवा असल्यास फोन नको, मेसेज करावा.

कळावे,
एक वाचक, सातारा