सूर्यावरील डाग आणि कुरुंदवाडचा पूर

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळील कुरुंदवाडास पुराची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. परंतु पुराचे कारण सूर्यात शोधण्याची प्रवृत्ती मात्र तपासून पाहिली पाहिजे. सूर्यावरील डाग सुमारे ११ वर्षांच्या चक्राने वाढतात व घटतात. पाऊसही त्याच चक्राने चालतो, असे हे मत आहे.

हे मत हसण्यावारी नेण्याजोगे नाही. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर शास्त्रज्ञांनी या संबंधाचा कसून शोध घेतला. १८९९ साली कोडाईकनाल येथे सौर वेधशाळा उभारण्यामागे हाही एक हेतू होता. पुढे भारतीय हवामान खात्याचे प्रमुख सर गिल्बर्ट वॉकर यांनी डागांच्या व पावसाच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा भाकितास उपयोगी पडेल असे काही हाती लागले नाही. मान्सूनचा धागा त्यांना सापडला तो दूरच्या प्रशांत महासागरावरील वायुभाराच्या हेलकाव्यात.

यासाठी वेधशाळेतच गेले पाहिजे असेही नाही. १९७२ साली महाराष्ट्र दुष्काळाने होरपळला, तेव्हा डाग ओसरत होते. २००५ साली कृष्णाकाठ बुडाला, तेव्हाही ते ओसरतच होते. एकाच अवस्थेत कोरड आणि महापूर! २०१९ चा महापूर तर डाग जवळजवळ नाहीसे झाले असता आला. चक्रातील चढउतारामुळे सूर्याच्या तेजात पडणारा फरक मुळात हजारात एका भागाएवढाच असतो. गेल्या चार दशकांत ते तेज वाढलेले नाही. पृथ्वी मात्र तापत गेली आहे, आणि तापलेली हवा अधिक बाष्प धरते.

चक्रावर भरवसा ठेवण्यात खरा धोका निश्चिंतीचा आहे. २०१९ नंतर ११ वर्षे निर्धास्त राहू असे ज्याने मानले असेल, त्याचा ऊस २०२१ च्या जुलैत पुन्हा पाण्याखाली गेला.

ग्रामकार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांचे लक्ष आकाशातील डागांवरून राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीकडे वळवावे. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी आहे. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची आणि कोयनेतून पाणी सोडल्याची वार्ता चावडीवर त्याच दिवशी पोचली पाहिजे. पाणी ३९ फुटांस टेकण्यापूर्वीच काठावरच्या मोटारी आणि गोठ्यातील जनावरे उंचावर हलविलेली असावीत.