कोयनेचे पाणी समुद्राला, आमच्या वाडीला टँकर

१४ एप्रिलला चाकरमानी गावी येतो. विहारासमोर मांडव पडतो, निळे झेंडे लागतात, रात्री उशिरापर्यंत भाषणे होतात. आणि पहाटे त्याच मांडवाच्या कडेला आमच्या आयाबहिणी हंडे रांगेत लावून बसलेल्या असतात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांना हे सांगितले की ते हसतात. हसण्यासारखेच आहे.

जांभा दगड पाणी धरत नाही, उतार तीव्र आहे, पाणी वाहून जाते, हे स्पष्टीकरण आम्हाला पाठ आहे. ते खोटेही नाही. पण जांभ्याला जात कळत नाही. मग वरच्या आळीच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी आणि गावाच्या टोकाला, सड्याच्या कडेला वसवलेल्या बौद्धवाडीची विहीर मार्चमध्येच कोरडी, हे कसे? वाडी कुठे बसवायची हे भूगर्भशास्त्राने ठरवले नव्हते.

आता वाढत्या लोकसंख्येसाठी प्रादेशिक पाणी योजनांची भाषा चालू आहे. कोणती लोकसंख्या? २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसे होती, २०११ मध्ये १६,१५,०६९. म्हणजे घटली! वाढ आहे ती दोन ठिकाणी. एक, रत्नागिरी शहराला चिकटलेल्या कुवारबाव, नाचणे, मिरजोळे, शिरगाव अशा ग्रामपंचायतींत. तिथे इमारती शहरासारख्या, पण कागदावर गाव. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर, शहराचा १३५. एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन मापे. दुसरी वाढ एप्रिल-मे मधली. मुंबईहून माणसे परततात तेव्हाच विहिरी तळाला गेलेल्या असतात. ही माणसे शिरगणतीत मुंबईची, म्हणून योजनेत नाहीत.

आणि मोजमाप गावाचे होते, वाडीचे नाही. ग्रामपंचायतीजवळच्या टाकीला पाणी आले की काम पूर्ण. आमच्या माहितीतल्या एका गावात बौद्धवाडीपर्यंत नळ पोचले, तोट्याही बसल्या, पण टाकीची पातळी वाडीपेक्षा खाली. पाणी चढणार कसे?

पाणी नाही हे तर मुळीच पटत नाही. कोयनेचे पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीत सोडले जाते आणि चिपळूणवरून समुद्राला मिळते. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला दिलेली मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. वही-पेन घेऊन हिशेब करा: २०११ च्या जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाला रोज १३५ लिटर द्यायचे, तरी वर्षाला तीन टीएमसीसुद्धा लागत नाहीत. बाकीचे साठ-पासष्ट टीएमसी समुद्राला किंवा मुंबईला. होय, ते मुंबईला न्यावे ही मागणीही अधूनमधून होतेच. शेकडो मैल पाइप टाकायची चर्चा होते, पण शेजारच्या तालुक्यातल्या वाडीचे नाव येत नाही.

पाणी खाली आहे, वाड्या डोंगरावर, पंपाचे वीजबिल कोण भरणार, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. सगळ्या जिल्ह्याला एकच नळयोजना आम्हीही मागत नाही. दूरच्या वाड्यांना झरे बांधून घेणे, पऱ्ह्यांवर बंधारे, साठवण टाक्या हेच स्वस्त पडेल. पण त्याच पाण्यावर झालेली वीज राज्यभर जाते आणि वाडीच्या पंपाचे बिल मात्र ग्रामपंचायतीने वाडीकडून वसूल करायचे, याचे उत्तर कोणी देत नाही.

आमच्याही चुकीबद्दल बोलू. २० मार्चला आम्ही महाडला जातो, चवदार तळ्यावर नतमस्तक होतो आणि परततो. पण १९४२ ते ४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी जलनियोजनाचे काय काम केले, यावर आमची शिबिरे होत नाहीत. दामोदर खोऱ्याची योजना, १९४५ साली स्थापन झालेला केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग ही त्यांच्या खात्याची कामे. नदीचे खोरे एक एकक धरा, सीमा बघू नका, पूर आणि टंचाई एकत्र सोडवा, ही त्यांची दिशा होती. ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, त्यांच्या जिल्ह्यात आजही जुलैत चिपळूण बुडते आणि मे मध्ये वाड्या तहानेने तडफडतात.

१ मे ला ग्रामसभा असते. चाकरमानी गावात असतो, विहीर कोरडी असते. मित्रहो, यंदा मांडवातला माइक सोडून तिथे जा. वाडीवार कुटुंबे, नळ आणि एप्रिल-मे मध्ये नळाला प्रत्यक्ष पाणी आलेले दिवस, असा तक्ता मागा. ठराव वहीत लिहून घ्या आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

जय भीम.