‘घाशीराम’चे यश कोणाचे?

‘घाशीराम कोतवाल’ने मराठी लोककला जगभर पोहोचवली, हे वाक्य उत्तरपत्रिकांतून इतक्या सराईतपणे उतरते की ते तपासावेसे कुणालाच वाटत नाही. आम्हांला ते साफ अमान्य आहे. १९७२ साली पुण्यात पीडीएने उभे केलेले, १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच थांबवलेले आणि पुढे थिएटर अकॅडमीने १९८० मध्ये युरोपात नेलेले हे नाटक थोर आहे. वाद त्याविषयी नाहीच. पण जगाने पाहिली ती तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना आणि क्षणात भिंत, क्षणात जमाव होणारा तो माणसांचा पडदा. खेळे, दशावतार, कीर्तन, लावणी यांपासून शहरी, सुशिक्षित रंगकर्मींनी घडवलेली ती स्वतंत्र निर्मिती होती. तिला लोककला म्हणणे हा दोघींवरही अन्याय आहे.

कड्यासारख्या गावात हे अधिक बोचते. इथल्या विद्यार्थ्याने जत्रेत तमाशाचा फड पाहिलेला असतो. अभ्यासात मात्र तमाशा ‘प्रभाव’ या एका शब्दापुरता उरतो. परदेशातील टाळ्यांनी गावच्या ढोलकीला प्रतिष्ठा मिळाली, असे मानणाऱ्या समीक्षकांनी एकदा त्या फडाच्या राहुटीत डोकावावे.

आणि आम्ही शिक्षक? सत्तासंघर्ष, नाना, गौरी एवढी टिपणे देऊन मोकळे होतो. ज्या नाटकाचा प्राण तालात आहे, ते आम्ही वर्षानुवर्षे खुर्चीत बसून, सपाट आवाजात वाचून दाखवतो.