पाहुण्या पालीसाठी घर बांधण्याआधी

पालीबद्दल आपल्या घरांत फारसे प्रेम नाही. पंचांगात ती अंगाच्या कोणत्या भागावर पडली तर काय फळ, याचे कोष्टक असते आणि मराठीत शंकासुद्धा पालीसारखीच चुकचुकते. अशा वातावरणात वाढलेल्या माझ्या बहिणीकडे, न्यू जर्सीत, अकरा वर्षांच्या भाचीने पाळण्यासाठी पाल मागितली तेव्हा घरात काय झाले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. बहिणीने आठवडाभर नाही म्हटले. मग अट घातली: पालीचे घर विकत आणायचे नाही, स्वतः बांधायचे. मुलगी कंटाळून विषय सोडेल असा तिचा हिशेब होता. तो चुकला, आणि गेले तीन महिने मला फोनवर प्लायवुड, जाळी आणि बिजागऱ्यांचे फोटो येत आहेत.

ही पाल म्हणजे क्रेस्टेड गेको. डोळ्यांच्या वर पापणीच्या केसांसारख्या काट्यांची रांग असते आणि तीच पुढे डोक्याच्या कडेने पाठीपर्यंत उतरते. शास्त्रीय नावातला 'सिलियाटस' हा शब्द त्या पापण्यांवरूनच आला. खरी पापणी मात्र तिला नाही. डोळे मिटता येत नसल्याने ती जिभेने चाटून ते स्वच्छ ठेवते. मूळ गाव ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला असलेले न्यू कॅलेडोनिया हे बेट. १८६६ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले, नंतर ती फारशी कोणाला दिसेना, आणि नामशेष झाली असेच धरले गेले. १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली. तेव्हा बाहेर नेलेल्या थोड्या पालींपासून युरोप-अमेरिकेत पैदास सुरू झाली, आणि आज तिथल्या दुकानांत मिळणाऱ्या पाली या बंदिवासात जन्मलेल्यांच्याच पिढ्या आहेत. बेटावर मात्र बाहेरून आलेली एक बारीक लाल मुंगी, उंदीर आणि मांजरे तिच्या जिवावर उठली आहेत. जंगलात संकटात आणि दिवाणखान्यांत मुबलक, अशी ही विचित्र स्थिती आहे.

पेटी बांधण्याचा प्रश्न या बेटापासूनच सुरू होतो. न्यू कॅलेडोनियाचे जंगल उष्ण कटिबंधात असले तरी सौम्य आहे. या पालीला साधारण २२ ते २६ अंश सेल्सिअस मानवते. २८च्या वर तिला त्रास सुरू होतो आणि त्याहून जास्त तापमानात काही तास गेले तर ती दगावू शकते. आपले शरीर घाम गाळून स्वतःला थंड करते. चाळीसएक ग्रॅम वजनाच्या पालीकडे ती सोय नाही. भोवतालची हवा तापली की ती तापते, आणि तिच्या हाती एकच उपाय असतो, थंड जागी सरकणे. तशी थंड जागाच नसलेली पेटी म्हणजे भट्टी.

म्हणून घरगुती पेटीत सर्वांत महाग पडणारी चूक सुतारकामाची नसते, जागेची असते. 'प्राण्याला ऊन हवेच' या समजुतीने काचेची पेटी खिडकीत ठेवली जाते. साधी काच सूर्याची उष्णता आत घेते आणि ती कोंडून ठेवते, पण ज्या अतिनील-ब किरणांमुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते ते जवळजवळ सगळे बाहेरच अडवते. म्हणजे पालीला उन्हाचा फायदा शून्य आणि तोटा पूर्ण. (हेच आपल्यालाही लागू आहे, बंद काचेमागे बसून कोवळे ऊन घेणाऱ्या आजोबांना ऊब मिळते, ड जीवनसत्त्व नाही.) कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी पडले की सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे मऊ होतात, जबडा वाकतो, पाठीत बाक येतो. मुलांच्या मुडदुसाचाच हा भाऊबंद. त्यामुळे कॅल्शियमयुक्त आहार आणि सौम्य अतिनील-ब दिवा, तोही काचेतून नव्हे तर जाळीतून, अशी व्यवस्था करावी लागते.

दुसरी गोष्ट ओलाव्याची, आणि इथे बहुतेकांची गफलत होते. या पालीला दमट हवा हवी असे वाचून लोक पेटी चोवीस तास ओलीचिंब ठेवतात. प्रत्यक्षात तिला चढउतार हवा. संध्याकाळी पाणी फवारले की आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास जावी, पानांवरचे थेंब तिने चाटावेत, आणि दुसऱ्या दिवशी पेटी बरीचशी सुकून आर्द्रता ५०-६० वर यावी. हवा सतत कोरडी राहिली तर कात नीट निघत नाही. बोटांभोवती तिचे कडे राहते, ते आवळत जाते आणि बोटाचा रक्तपुरवठा तुटतो. सतत ओली राहिली तर बुरशी येते, कातडीला आणि फुप्फुसाला संसर्ग होतो. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा पापडासारखी कोरडी होते, तिथे चारही बाजूंनी जाळी असलेली पेटी तासाभरात सुकते. सगळीकडून काच असेल तर उलटे संकट. भाचीने काढलेला मार्ग जुन्या चुलीच्या धुराड्याचा आहे: पुढच्या बाजूला खाली एक अरुंद जाळीची पट्टी आणि छताला जाळी. आतली उबदार ओली हवा वरून निघते आणि खालून ताजी ओढली जाते. पंखा नाही, वीज नाही.

बाकीचे बांधकाम त्या मानाने सोपे. पाल झाडावर राहणारी, म्हणून पेटी आडवी नको, उभी हवी. एका मोठ्या पालीसाठी ४५ सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि ६० उंच हे कमीत कमी. बरेच जण जुनी माशांची पेटी उभी करून तिच्या तोंडाला दार बसवतात, तेही चालते. प्लायवुड वापरायचे तर आतून पॉलियुरेथेनचे लेप द्यावे लागतात, नाहीतर दोन महिन्यांत ते फुगते. सांधे भरायला साधे सिलिकॉन घ्यावे. न्हाणीघरासाठी बुरशीनाशक मिसळलेले नको. ताज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, तो ॲसेटिक आम्लाचा. तो पूर्ण जाईपर्यंत आत जीव सोडायचा नाही. तळाशी कोकोपीट, आत आडव्यातिडव्या फांद्या, आणि झाड म्हणाल तर आपला मनीप्लांट उत्तम. जाळीची कापलेली टोके आत राहू देऊ नयेत. दाराची फटही तपासावी, कारण नुकते जन्मलेले पिल्लू जेमतेम दोन ग्रॅमचे असते. आणि घाबरून शेपूट टाकली तर इतर बऱ्याच पालींसारखी ती या जातीत पुन्हा उगवत नाही.

आता आरोग्याचा मुद्दा, ज्याकडे पेटीच्या उत्साहात दुर्लक्ष होते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतो. प्राणी ठणठणीत दिसतो, विष्ठेतून जिवाणू टाकत राहतो. २०१५ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने अनेक राज्यांतल्या साल्मोनेलाच्या रुग्णांचा माग काढला, तेव्हा तो घरात पाळलेल्या क्रेस्टेड गेकोपर्यंत जाऊन पोचला. निरोगी मोठ्या माणसाला चार दिवस जुलाब आणि ताप येऊन निभावते. पाच वर्षांखालची मुले, गर्भवती, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांच्या बाबतीत संसर्ग रक्तात उतरू शकतो. माझ्या मते घरात तान्हे मूल असेल तर पेटीचा बेत काही वर्षे पुढे ढकलावा, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. इतरांसाठी नियम साधे पण न मोडण्याचे आहेत. पालीला हात लावला, पेटीतली वाटी उचलली, की साबणाने हात धुवायचे. पेटीतले काहीही स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचे नाही. फोटोसाठी पालीला गालाशी धरायचे नाही. बहिणीच्या घरी यासाठी वेगळी बादली आणि वेगळा ब्रश आहे, आणि तो ब्रश कोणी हलवला तर भाची घर डोक्यावर घेते.

हे वाचून पुण्या-नागपुरातल्या एखाद्या घरात पेटीचे आराखडे सुरू होऊ नयेत, म्हणून स्पष्टच लिहितो. एप्रिल-मे महिन्यांत पंख्याखालची आपली खोलीही तिशीच्या वर असते. नागपूर-चंद्रपूरला बाहेर पारा पंचेचाळीसला टेकतो. ही पाल इथे ठेवायची म्हणजे चार महिने रात्रंदिवस वातानुकूलन, आणि वीज गेली की जिवाशी खेळ. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करू शकणारे पशुवैद्यही मोठ्या शहरांबाहेर विरळा. शिवाय ही पाल पंधरा-वीस वर्षे जगते. आज पाचवीतल्या मुलाने आणलेली पाल तो नोकरीला लागेपर्यंत आईच्या गळ्यात. परदेशी प्राण्यांची चोरटी आयात हा वेगळाच काळा बाजार आहे, आणि इथले बरेच सरपटणारे प्राणी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असल्याने त्यांना पकडून पेटीत घालणे हा गुन्हा ठरू शकतो. मुलाला पालीचे कुतूहल असेल तर ट्यूबलाइटजवळ रोज रात्री हजेरी लावणारी घरपाल आहे. ती काचेवर आली की मागच्या बाजूने तिच्या बोटांखालच्या पट्ट्या दिसतात. त्या पट्ट्यांवर लाखो अतिसूक्ष्म केस असतात, आणि केस व काच यांच्या रेणूंमधल्या क्षीण आकर्षणावर ती चिकटून राहते. डिंक नाही, चोषक नाही. महिनाभर तिच्या येण्याजाण्याच्या वेळा वहीत लिहिल्या तरी पुष्कळ शिकायला मिळते.

न्यू जर्सीतली पेटी गेल्या महिन्यात पूर्ण झाली. "मामा, आता पाल आणायची ना?" असा फोन आला. मी म्हटले, आधी दोन आठवडे रिकामी ठेव, वर एक आणि खाली एक तापमापक लाव, आर्द्रतामापक मधोमध, आणि सकाळ-दुपार-रात्र आकडे लिही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी वहीच्या पानाचा फोटो आला. खाली २४, वर, दिव्याशेजारच्या फांदीवर, ३१. नेमकी तीच फांदी तिने पालीला झोपायला म्हणून बसवली होती. मेहुण्यांनी दिवा एक वीत वर उचलला आणि कमी वॅटचा लावला. आता वर २६ येते. दोन आठवड्यांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाली आहे, आणि हे मी सांगितलेले नाही, तिनेच ठरवले.