कंपनी नको, जहाजाचं नाव सांगा

क्रूझला जायचं ठरलं की ओळखीचे लोक आधी कंपनीचं विचारतात. रॉयल कॅरिबियन बरी की एमएससी? कॉर्डेलियावर आईबाबांना पाठवावं का? मी उलट विचारते, जहाज कुठलं? एकाच कंपनीच्या ताफ्यात पंचवीस वर्षं समुद्रात काढलेलं जहाज असतं आणि कालपरवा गोदीतून बाहेर पडलेलंही असतं. माहितीपत्रकात दोन्हींचे फोटो सारखेच चकचकीत. जहाजाचं नाव कळलं की बांधणीचं साल, आकार, खोल्या, डेकचे नकाशे सगळं पाच मिनिटांत काढता येतं आणि मग तुलना करायला हाताशी काहीतरी येतं.

मुंबईहून सुटणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' घ्या. फ्रान्समधल्या सँ नाझेरच्या गोदीत १९९० साली ते बांधलं, तेव्हा ते रॉयल कॅरिबियनचं 'नॉर्डिक एम्प्रेस' होतं. २०२१ पासून ते आपल्या किनाऱ्यावर आहे. त्याचं ग्रॉस टनेज साडेअठ्ठेचाळीस हजारांच्या घरात, आणि खोलीत दोघंच धरले तर प्रवासी सोळाशेच्या आसपास. आता वायकिंग कंपनीचं २०१५ सालचं 'वायकिंग स्टार' बघा. टनेज ४७,८०० च्या आसपास, म्हणजे एम्प्रेसच्या जवळपास तेवढंच. प्रवासी मात्र ९३०.

ग्रॉस टनेज म्हणजे जहाजाचं वजन, असा पुष्कळांचा समज असतो. ते वजन नाही, आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे. म्हणून त्याला प्रवाशांच्या संख्येनं भागलं की माणशी किती जागा येते ते कळतं. एम्प्रेसचं उत्तर येतं तीस, वायकिंग स्टारचं एक्कावन्न. हा एकवीसचा फरक सकाळी नाश्त्याच्या रांगेत कळतो, लिफ्टसमोर कळतो, पोहण्याच्या तलावाशेजारी खुर्ची मिळते की नाही त्यावरून कळतो. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात आणि दिवाळीत एका खोलीत तिघं-चौघं असतात, त्यामुळे भागाकाराचं उत्तर त्या दिवसांत आणखी खाली येतं. जानेवारीतल्या मंगळवारी सुटणारी फेरी आणि दिवाळीतली फेरी, जहाज तेच असलं तरी अनुभव दोन.

तिकिटाच्या दरातला मोठा फरक या जागेतूनच येतो. वायकिंगवर कसिनो नाही, अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, प्रत्येक खोलीला बाल्कनी आहे, आणि साधारण दोन प्रवाशांमागे एक कर्मचारी. त्याचे पैसे ते घेतात, आणि भरपूर घेतात. एम्प्रेस दोन रात्रींत मुंबईकराला समुद्र दाखवून परत आणतं, मध्यमवर्गाला परवडेल अशा दरात. मला दोन्ही जहाजं आपापल्या जागी योग्य वाटतात. फक्त एकाचे फोटो पाहून दुसऱ्याचं तिकीट काढू नये.

या भागाकारानं एक गैरसमज मात्र दूर होतो. मोठं जहाज म्हणजे गर्दीचं जहाज, हे खरं नाही. रॉयल कॅरिबियनचं 'आयकॉन ऑफ द सीज' जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या फेरीला निघालं. वीस डेक, टनेज २,४८,६६३, खोलीत दोघं धरून प्रवासी ५,६१०. भागून उत्तर येतं चव्वेचाळीस. म्हणजे सरासरीनं पाहिलं तर तिथं माणशी जागा एम्प्रेसपेक्षा बरीच जास्त. सात तलाव, सहा घसरगुंड्या, मधोमध हजारो खऱ्या झाडांची बाग. माझ्या भाच्याला दहा आणि सहा वर्षांच्या मुलांना घेऊन अमेरिकेत सुटी काढायची होती, तेव्हा मी त्याला डोळे मिटून हेच सुचवलं. मुलं आठवडाभर खूश राहिली, आईवडिलांना जेवायला दोघांचा निवांत वेळ मिळाला.

माझ्यासाठी मात्र मी ते निवडणार नाही. या घराण्यातल्या जहाजांवर कित्येक बाल्कन्या आतल्या बागेकडे उघडतात. दुकानं आत, बाग आत, खेळ आत. दिवसभर हिंडा, समुद्र मुद्दाम शोधायला गेलात तरच भेटतो. जहाज पारखताना माझा पहिला प्रश्न असतो की समुद्र किती दिसतो, किती जवळून दिसतो आणि किती शांतपणे ऐकू येतो. बाकी सगळं जमिनीवरच्या हॉटेलात मिळतं, तेही कमी पैशांत.

हे माझ्या मनात पक्कं बसलं ते पिरेयसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात. हॉलंड अमेरिका कंपनीच्या जहाजांना एक जुनी, चांगली खोड आहे. खालच्या बाजूला जहाजाला पूर्ण वळसा घालणारा लाकडी फळ्यांचा प्रॉमनाड डेक ते ठेवतात, आणि तो पाण्यापासून फार उंच नसतो. जहाजानं दोर सोडले तेव्हा आई आणि मी तिथंच कठड्याला टेकून उभ्या होतो. बंदराचं तोंड ओलांडल्यावर एक छोटी बोट आमच्या कुशीला येऊन बरोबरीनं धावू लागली. जहाजाच्या पोटातलं एक दार उघडलं, दोराची शिडी खाली सुटली आणि आम्हाला बाहेर काढून देणारा बंदराचा पायलट एकेक पायरी उतरू लागला. खालची बोट लाटेवर वरखाली होत होती. शेवटच्या पायरीवर तो थांबला, एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, आणि तिसरीनं बोट वर आणली त्याच क्षणी त्यानं पाय टाकला. बोटीवरच्या माणसानं त्याला दंडाला धरून आत घेतलं. आईनं तोवर कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. "रोज करतो हा हे?" तिनं विचारलं. हो, रोज, दिवसातून कितीदा तरी, भर वाऱ्यापावसातसुद्धा. अठराव्या डेकवर, घसरगुंडीच्या रांगेत उभं राहून हे दिसलं नसतं.

हाच निकष लावून क्युनार्डच्या 'क्वीन मेरी २' चं नाव मी आदरानं घेते. २००४ पासून साउथहॅम्प्टन ते न्यूयॉर्क अशा अटलांटिक ओलांडणाऱ्या फेऱ्या ती नियमित करते, साधारण सात रात्रींच्या, आणि त्यात मध्ये एकही बंदर नसतं. माणशी जागा पंचावन्न. मोठं ग्रंथालय आहे, सगळ्या बाजूंनी फिरता येणारा रुंद डेक आहे. रात्रीच्या जेवणाला कपड्यांचे नियम आहेत, ते ज्यांना जाच वाटतील त्यांनी तिकडे फिरकू नये. नेसायला चार चांगल्या साड्या कपाटात पडून असतील तर मात्र ती जागा तुमची आहे.

बहुतेक मराठी घरांची पहिली परदेशी क्रूझ सिंगापूरहून होते, आणि त्यातही पुष्कळांची 'गेंटिंग ड्रीम' वर. २०१६ चं जहाज, टनेज दीड लाख, खोलीत दोघं धरून प्रवासी ३,३५२. भागाकार पंचेचाळीस, म्हणजे ऐसपैस. भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय तिथं व्यवस्थित असते, त्यामुळे सासऱ्यांना वरणभात लागतोच अशा घरानं बिनघोर जावं. जगापासून दूर चार दिवस काढायचे असतील तर शाळांच्या सुटीतली फेरी टाळावी. शेजारच्या टेबलावर पुण्याचीच मंडळी भेटण्याची शक्यता दांडगी. जेवणाबद्दल एक माहिती पुष्कळांना नसते. कार्निव्हल या अस्सल अमेरिकन कंपनीच्या मुख्य भोजनगृहात बरीच वर्षं रात्री भारतीय शाकाहारी पदार्थ मिळत आला आहे. बुकिंगच्या वेळी कळवून ठेवलं तर बाकीच्या मोठ्या कंपन्याही सोय करतात. ऐन टेबलावर बसून मागितलं तर उकडलेल्या भाज्या येतात.

बंदरांच्या नावांकडे नीट पाहा, ही माझी कळकळीची विनंती आहे. कार्यक्रमपत्रिकेत 'रोम' लिहिलेलं असतं तेव्हा जहाज चिविताव्हेक्कियाला लागतं आणि तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, 'बँकॉक' म्हणजे बहुधा लेम चाबांग, तेही शंभर किलोमीटरच्या पलीकडे. अर्धा दिवस बसमध्ये जातो. याउलट पिनांगला जहाज थेट जॉर्ज टाऊनच्या अंगाला लागतं, धक्क्यावरून चालत निघालात की जुन्या गावात. गोव्याचं जहाज मुरगावला लागतं; हातात चार-पाच तास असतील तर कळंगुटचा हट्ट सोडून वास्को आणि मडगावच्या बाजूला फिरावं. सँटोरिनीसारख्या ठिकाणी जहाज धक्क्याला लागतच नाही, भर पाण्यात उभं राहतं आणि छोट्या बोटींतून उतरवतात, आपल्या कोकण बोटीच्या काळात मालवण-वेंगुर्ल्याला पडावात उतरावं लागे तसं. गुडघे दुखणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं, कारण समुद्र खवळलेला असेल तर तो मुक्कामच रद्द होतो. अथेन्सहून निघून तुर्कस्तान करून परत येणारी फेरी असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो, हेही याच यादीत.

जहाज जुनं आहे म्हणून लगेच नाक मुरडू नये. मुंबईत येऊन गेलेली पुष्कळ जहाजं दुसऱ्या-तिसऱ्या मालकाचीच होती. जलेश कंपनीचं 'कर्णिका' २०१९ मध्ये आलं, ते मुळात १९९० चं 'क्राउन प्रिन्सेस', आणि त्याच्या डौलदार आकारामागे रेंझो पियानो या मोठ्या इटालियन वास्तुरचनाकाराचा हात होता. कोविडच्या वर्षात कंपनी बंद पडली आणि ते अलंगला भंगारात गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. जुन्या जहाजात बघायचं ते स्वच्छतेकडे आणि शिस्तीकडे. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या जहाजांची तिथलं सरकारी आरोग्य खातं अचानक तपासणी करतं, शंभरपैकी गुण देतं, आणि ते कुणालाही पाहता येतात. पंच्याऐंशी किंवा त्याखाली गुण म्हणजे नापास. मुंबई-गोवा करणारं जहाज त्या यादीत येत नाही. मुंबईत नवं क्रूझ टर्मिनल झालं, चांगलंच झालं. त्याच टर्मिनलच्या दारात जहाजाच्या शेवटच्या तपासणीचा निकाल सगळ्यांना वाचता येईल असा लावला तर मला त्या इमारतीचा अधिक अभिमान वाटेल.

शिस्त ओळखण्याची जागा म्हणजे सुरक्षेची कवायत. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकाला लागून कलंडलं आणि ३२ माणसं गेली. नव्यानं चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते. कर्मचारी ती मन लावून घेतात की उरकून टाकतात, ते पाच मिनिटांत कळतं, आणि त्यावरून मी पुढच्या सगळ्या दिवसांचा अंदाज बांधते.

या कर्मचाऱ्यांमध्ये आपली माणसं खूप असतात. वास्कोत, मडगावात, सावंतवाडीकडच्या गावांत 'मुलगा शिपवर आहे' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. सहा ते नऊ महिन्यांचा करार, त्यात आठवड्याची सुटी नाही. मराठीत किंवा कोंकणीत दोन शब्द बोललात की त्यांचा चेहरा खुलतो, आणि जहाजाबद्दलची खरी माहितीही तेच देतात. अमेरिकन कंपन्या माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर टिप म्हणून बिलात लावतात. आपल्याकडचे काही प्रवासी शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन ती रक्कम काढून टाकायला लावतात आणि तो सल्ला एकमेकांना देतात. कृपा करून असं करू नका. त्या मुलांच्या कमाईचा तो भाग आहे. तिकिटांची तुलना करतानाच टिप, इंटरनेट, पेयं, बंदरावरची सहल हे सगळं मिळवून बेरीज करा. स्वस्त दिसणारं तिकीट पुष्कळदा तिथं महाग होतं आणि सिल्व्हरसी किंवा रीजंटसारखं सगळं धरलेलं तिकीट वाटतं तेवढं दूर राहत नाही.

खोलीबद्दल थोडक्यात. आईसारखं कुणाला मळमळत असेल तर जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची खोली घ्या, तिथं हालचाल सगळ्यात कमी जाणवते. पाण्याखालचे स्थिरक पंख आडवं डोलणं कमी करतात, पुढून-मागून होणारं वरखाली होणं त्यांना थांबवता येत नाही. आणि बुकिंग पक्कं करण्याआधी वरच्या डेकवर बरोबर तुमच्या डोक्यावर काय आहे ते नकाशात बघा. एका जहाजावर आमच्या खोलीवर नाचाची जागा निघाली. रात्री दीडपर्यंत छत धडधडत होतं, आणि बाहेर मोकळ्या डेकवर जावं तर तिथंही स्पीकर. समुद्राच्या मध्यभागी समुद्राचा आवाज ऐकायला जागा नव्हती.

नॉर्वेजियन कंपनीची 'स्काय' आणि 'सन' ही दोन जहाजं अनुक्रमे २०२६ आणि २०२७ मध्ये कॉर्डेलियाकडे येणार असल्याचं जाहीर झालं आहे. स्काय १९९९ चं, टनेज ७७ हजारांच्या आसपास, प्रवासी दोन हजार. भागाकार साडेअडतीस, म्हणजे एम्प्रेसच्या पुढे बरीच मजल. ते आलं की मी आधी डेकचा नकाशा काढून बसणार आहे. खाली, पाण्याजवळ, चालायला जागा किती, ती पूर्ण वळसा घेते का, खुर्च्या समुद्राकडे तोंड करून आहेत का. रात्री दहानंतर तिथला स्पीकर बंद करतात का, हे मात्र जाऊन आलेल्यांना विचारावं लागेल, तेव्हा कुणी गेलात तर मला जरूर कळवा.