बॉनेट उघडायला लाजू नका

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या कुटुंबाने जुनी गाडी घ्यायचे ठरवले. त्यांच्या घराण्यात येणारी ही पहिलीच गाडी. पेढे कुठून आणायचे, गाडीला हार कोणता घालायचा, सारे ठरले. गाडीचे बॉनेट मात्र कोणी उघडून पाहिले नव्हते. आम्ही विचारले, तर वहिनी म्हणाल्या, "माणसं भली आहेत हो. त्यांच्या गाडीवर संशय घेतल्यासारखं दिसेल."

हे ऐकले आणि आम्हाला आमचाच २०१९ सालचा प्रसंग आठवला. त्या साली आम्ही एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. पहिल्याच पावसाळ्यात नाशिकहून परतताना कसारा घाटात दोन्ही हेडलाइट एकदम विझले आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. मागच्या सीटवर मुले झोपलेली. एका ट्रकवाल्याने मागे गाडी उभी करून उजेड दाखवला, म्हणून निभावले.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने कारण दाखवले. त्या गाडीला कंपनीचे बल्ब ६०/५५ वॅटचे. आधीच्या मालकाने जास्त उजेडासाठी १००/९० वॅटचे बसवले होते, पण वायर जुनीच ठेवली होती. ६० च्या जागी १०० वॅट आले की वायरीतली उष्णता जवळजवळ पावणेतीन पट होते. अशा वेळी फ्यूज उडायला हवा. तो उडू लागला म्हणून मालकाने त्या जागी मोठा फ्यूज घातला होता. म्हणजे राखणदारच काढून टाकला!

वाचकहो, बाहेरून बसवलेली वस्तू वाईटच असते असे आमचे म्हणणे नाही. गाडीत कोणी, काय आणि कसे जोडले, हे पैसे देण्यापूर्वी आपल्याला कळले पाहिजे, एवढेच. ते ओळखायला मेकॅनिक असावे लागत नाही. दिवसाउजेडी जावे, सोबत छोटी बॅटरी आणि आरसी बुकाची झेरॉक्स न्यावी.

सुरुवात टायरपासून करावी. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर बहुधा एक स्टिकर असतो. त्यावर कंपनीने ठरवलेले टायरचे माप असते. ते टायरवरच्या मापाशी आणि स्टेपनीशी ताडून पाहावे. माप वेगळे निघाले, तर चाके बदलली आहेत असे समजावे. चाक फार मोठे असेल तर वळताना घासते, शिवाय काट्यावरचा वेगही चुकतो. टायरवर चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर किती जुना, हे त्यावरून कळते.

मग बॉनेट उघडावे. कंपनीची वायरिंग एकत्र बांधलेली, नळीत किंवा पट्टीत गुंडाळलेली असते आणि तिचे जोड खटकन बसणारे असतात. पिळून जोडलेल्या वायरी, त्यावर चमकणारी काळी चिकटपट्टी, बॅटरीवरून थेट आत गेलेली सुटी वायर, ही सगळी नंतरच्या हाताची कामे. ती वायर कुठे जाते ते शोधावे. टेप, हॉर्न, जादा दिवे, चोरीचा अलार्म, यांपैकी काहीतरी सापडेल. बॅटरीजवळ त्या वायरीला फ्यूज आहे का, हेही पाहावे.

फ्यूजच्या डबीच्या झाकणावर नकाशा असतो. कोणत्या घरात किती अँपिअरचा फ्यूज हवा, ते त्यावर छापलेले असते. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. निळ्याच्या जागी हिरवा दिसला की समजावे, आमच्याच गाडीची कथा पुन्हा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सीएनजी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओकडे नोंदवावा लागतो. डिकीत सिलिंडर आहे आणि आरसीवर इंधन नुसते 'पेट्रोल', असे दिसले तर तिथेच थांबावे. विम्याच्या कागदावरही किटचा उल्लेख हवा, नाहीतर अपघातानंतर भरपाईचे भांडण उभे राहते. सिलिंडरमधला दाब भरताना सुमारे २०० बार असतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट! म्हणून दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी करावी लागते. सिलिंडरवर ठोकलेला नंबर आणि चाचणीच्या दाखल्यावरचा नंबर एकच आहे ना, हे स्वतः वाचून पाहावे. किटचे बिल आणि बसवणाऱ्याचा दाखलाही मागावा.

काही सापडले तर भांडू नये. "हे कधी बसवलं? बिल आहे का? मूळ वस्तू ठेवली आहे का?" असे साधेपणाने विचारावे. सरळ माणूस सरळ उत्तर देतो. पुष्कळदा मूळ बल्ब, मूळ टेप घरच्या माळ्यावर पडलेले असतात, ते मागून घ्यावेत. मग जे धोक्याचे ते काढायला लावावे, जे नोंदवण्याजोगे ते विकणाऱ्याकडूनच नोंदवून घ्यावे आणि जे चालण्यासारखे त्याचा हिशेब किमतीत करावा. नोंद झाल्याशिवाय पूर्ण रक्कम हाती देऊ नये.

शेजाऱ्यांबरोबर आम्ही गाडी पाहायला गेलो. बॉनेटखाली सगळे ठीक होते. डिकीत मात्र सिलिंडर, आणि आरसीवर फक्त 'पेट्रोल'. चाचणीची मुदतही उलटलेली. मालकाला राग आला नाही. "माझ्याही लक्षात राहिलं नव्हतं," असे म्हणून त्याने चाचणी आणि नोंद दोन्ही करून द्यायचे कबूल केले.

परतताना वहिनी म्हणाल्या, "विचारलं, तर काही बिघडलं नाही की!"

गाडी अजून दारात आलेली नाही. पेढे थांबले आहेत. थांबू देत.